पोर्तुगालची राजेशाही नेमकी कधी संपली? 1820, 1834 की 1910? (गोव्याच्या संदर्भात)

फेरीबोट

गोव्यातल्या कायद्यांचा इतिहास वाचताना ही तीन वर्षं सारखी समोर येतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. 1820 ला पोर्तुगालात क्रांती होऊन घटना आली म्हणतात. मग 1834 ला 'घटनावाद्यांचा विजय' झाला तो कसला? आणि घटना आधीपासून होती, तर 1910 ला राजाला घालवायची गरज का पडली?

दुसरं असं की ऑगस्ट 1910 च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांना फक्त 14 जागा मिळाल्या होत्या. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, तेही दोन दिवसांच्या चकमकीत, राजा देश सोडून गेला. हे जमलं कसं?

तिसरा प्रश्न गोव्याचा. 'रिपब्लिक आली आणि हिंदूंना समान हक्क मिळाले' हे वाक्य सगळीकडे आहे, पण त्यामागचं कलम कोणी सांगत नाही. कोणत्या कागदात, कोणत्या तारखेला?

सनदशीर

आधी दोन शब्द वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. 1822 ची ती घटना आणि 1826 ची ती सनद. घटना लोकप्रतिनिधींनी लिहिली आणि राजाकडून तिच्यावर शपथ घेतली. सनद राजाने स्वतः लिहून प्रजेला दिली. पोर्तुगीज कागदांत 'कार्ता' हा शब्द दिसला की ती सनद समजायची. वतनाची सनद आणि ही सनद यांच्यात तत्त्वतः फार अंतर नाही. देणारा वर, घेणारा खाली.

आता क्रम. नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा, नोव्हेंबर 1807 मध्ये, राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला गेलं आणि युद्ध संपल्यावरही परतलं नाही. इकडे पोर्तुगीज सैन्याचा सेनापती इंग्रज, मार्शल बेरेसफर्ड. 1817 मध्ये जनरल गोमेस फ्रेरी द आंद्रादे यांना कटाच्या आरोपावरून फाशी दिलं, त्याने सैन्यातले पोर्तुगीज अधिकारी आणखी बिथरले. 24 ऑगस्ट 1820 ला पोर्तो शहरात लष्कराने उठाव केला, सप्टेंबरात लिस्बन त्यात सामील झालं. बेरेसफर्ड त्या वेळी ब्राझीलला गेला होता. तो परतला तेव्हा त्याला बंदरात उतरूच दिलं नाही.

जानेवारी 1821 मध्ये कोर्तेस, म्हणजे लोकसभा, भरली. तिच्या दबावाने राजा सहावा जुआंव जुलैत लिस्बनला आला, मुलाला (पेद्रू) ब्राझीलमध्ये ठेवून. 23 सप्टेंबर 1822 ची घटना त्या काळाच्या मानाने फारच पुढची होती. एकच सभागृह, आणि राजाला ते विसर्जित करण्याचा अधिकारच नाही. कायदा आवडला नाही तर राजाने एकदा परत पाठवायचा. सभागृहाने तो पुन्हा मंजूर केला की सही करणं भाग. राणी कार्लोता जुआकिनाने या घटनेवर शपथ घ्यायला साफ नकार दिला होता.

ती कोसळली का, तर तिच्यामागे उभं राहणारं कोणी उरलं नाही. ब्राझीलला पुन्हा वसाहतीच्या दर्जावर आणायचा हट्ट याच कोर्तेसने धरला, त्यामुळे 7 सप्टेंबर 1822 ला, घटना मंजूर व्हायच्या पंधरा दिवस आधी, ब्राझील स्वतंत्र झालं. ब्राझीलच्या व्यापारावर जगणारे नाराज, सरदार आणि धर्मगुरू तर आधीपासूनच नाराज. मे 1823 मध्ये धाकटा राजपुत्र मिगेल एका पलटणीसह बाहेर पडला आणि काही दिवसांत घटना रद्द झाली.

1826 मध्ये जुआंव वारला. पेद्रूने रिओत बसून सनद लिहिली. तीत दोन सभागृहं आली, पैकी वरचं उमरावांचं. आणि नेहमीच्या तीन सत्तांऐवजी चार सत्ता: चौथी 'नियामक सत्ता', जी फक्त राजाकडे. सभागृह विसर्जित करणं, कायद्याला कायमचा नकार देणं, वरच्या सभागृहात हवे तितके उमराव नेमणं, मंत्री नेमणं आणि काढणं, सगळं त्या चौथ्या सत्तेत. मिगेलने 1828 मध्ये हीसुद्धा गुंडाळली आणि निरंकुश राजा झाला. मग यादवी. पेद्रू जुलै 1832 मध्ये पोर्तोजवळ उतरला, वर्षभर त्या शहराला वेढा पडला, आणि 26 मे 1834 ला एव्होरामोंतेच्या तहाने मिगेलची हकालपट्टी झाली. तुमचं 1834 ते हे. जिंकली ती सनद. 1822 ची घटना नव्हे.

पुढे 1836 च्या उठावाने दीड वर्ष 1822 ची घटना परत आली, 1838 मध्ये तडजोडीची तिसरी घटना झाली, आणि 1842 मध्ये कोश्ता काब्रालने सनद पुन्हा लावली ती थेट 1910 पर्यंत. सनदेच्या अंमलाचे काळ लिहून ठेवा: 1826 ते 28, 1834 ते 36, 1842 ते 1910. गोव्यातला एकोणिसाव्या शतकाचा कुठलाही हुकूम वाचताना त्या दिवशी यातलं काय लागू होतं हे आधी पाहावं लागतं.

मतपेटी

वरच्यात भर. सनद होती तर 1910 का, याचं उत्तर निवडणुकीच्या यंत्रात आहे.

सनदेप्रमाणे मत द्यायला वर्षाला 100 मिल-रेइस (तेव्हाचं पोर्तुगीज चलन) उत्पन्न लागे, तेही मत थेट नाही. या मतदारांनी निवडक 'निर्वाचक' निवडायचे (200 मिल-रेइस), त्यांनी प्रतिनिधी (400). थेट मतदान 1852 च्या दुरुस्तीने आलं. 1878 मध्ये साक्षर पुरुष आणि कुटुंबप्रमुख यांनाही मत मिळालं, 1895 मध्ये कुटुंबप्रमुख पुन्हा वगळले. म्हणजे यादी एकदा फुगवली, मग आवळली.

पण खरी मेख क्रमात होती. राजा आधी नवा पंतप्रधान नेमायचा. तो सभागृह विसर्जित करून घ्यायचा. मग त्याच्याच जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि गावोगावच्या पुढाऱ्यांच्या हातून निवडणूक व्हायची, आणि सरकार जिंकायचं. निवडणूक हरून सरकार पडलं असं होतच नव्हतं. दोन पक्ष आलटून पालटून येत, म्हणून या पद्धतीला रोतातिव्हिश्मो, फिरती राजवट, म्हणत. 1901 मध्ये तर लिस्बन आणि पोर्तोचे मतदारसंघ भोवतालच्या खेड्यांना जोडून असे कापले की शहरातली प्रजासत्ताकवादी मतं बुडावीत. त्या कायद्याला विरोधकांनी दिलेलं नावच 'हलकट घाण' अशा अर्थाचं आहे.

त्यामुळे '14 जागा' हा आकडा लोकमताचं माप म्हणून वापरू नये. आणि तरीही, एवढं सगळं करून, राजधानी प्रजासत्ताकवाद्यांच्याच हातात गेली होती.

बाकीची कारणं भराभर: 1890 चा इंग्लंडचा निर्वाणीचा इशारा आणि आफ्रिकेतली माघार, 1892 ची सरकारी दिवाळखोरी, राजघराण्याला खजिन्यातून गुपचूप दिलेल्या आगाऊ रकमा (हे 1906 मध्ये संसदेत कबूल करावं लागलं), 1907 मध्ये पंतप्रधान जुआंव फ्रांकोचा संसदेविना कारभार. 1 फेब्रुवारी 1908 ला लिस्बनच्या भर चौकात राजा कार्लुश आणि युवराज दोघांना गोळ्या घातल्या. गादीवर आला 18 वर्षांचा मान्युएल.

तोफखाना

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. उठाव जमला कमी, राजाची बाजू ढासळली जास्त.

ठरलेली वेळ 4 ऑक्टोबरची रात्र, एक वाजता. आदल्या दिवशी, 3 तारखेला, कटातले एक प्रमुख, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मिगेल बोंबार्दा यांना एका जुन्या रुग्णाने गोळी घातली. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता, पण शहर त्याने तापलं. त्याच संध्याकाळी राजा ब्राझीलच्या नियोजित अध्यक्षांबरोबर मेजवानीला बसला होता. रात्री काही पलटणी उठल्या, बऱ्याच उठल्या नाहीत. आरमाराची बाजू सांभाळणारे अॅडमिरल कांदिदु दुश रेइस यांचा समज झाला की सगळं फसलं, आणि पहाटे त्यांनी आत्महत्या केली. ही बातमी कळल्यावर रोतुंदाच्या चौकात (आजचा मार्केस द पोंबाल चौक) जमलेले वरचे अधिकारीही निघून गेले.

राहिला माशादु सांतुश. आरमाराच्या प्रशासन विभागातला कनिष्ठ अधिकारी, कार्बोनारिया या गुप्त संघटनेचा माणूस. हवालदार, शिपाई, काही तोफा आणि हत्यारबंद नागरिक एवढ्यांवर त्याने अडथळे उभारून जागा धरली. सरकारी फौज संख्येने मोठी होती, पण रोसियू चौकातल्या पलटणी पुढे सरकायला तयार नव्हत्या. राजाच्या बाजूने मनापासून लढला तो पायव्हा कोसैरूचा तोफखाना. त्याला मागून कुमक आलीच नाही.

4 तारखेला नदीतल्या 'आदामाश्तोर' आणि 'साव राफायेल' या क्रूझरांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. राजा दुपारी मोटारीने माफ्राला गेला. इथे सैनिकी दृष्ट्या खेळ संपलेला नव्हता, पण राजधानीतून राजाच गेल्यावर त्याच्यासाठी मरणार कोण?

शेवट तर नाटकात शोभेल असा. 5 तारखेच्या सकाळी परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी जर्मन वकिलातीचा अधिकारी पांढरं निशाण घेऊन तहकुबी मागायला निघाला. लोकांना वाटलं सरकारी फौजेने शरणागती पत्करली. रस्ते माणसांनी भरले, शिपाई गर्दीत मिसळले, आणि लढाई पुन्हा सुरू करणं अशक्य झालं. नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या सज्जातून जुझे रेल्व्हाश यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. राजा एरिसेइराच्या किनाऱ्यावरून 'आमेलिया' नौकेत बसून जिब्राल्टरला गेला. उरलेल्या देशाला प्रजासत्ताक तारेने कळलं, असं पोर्तुगालात अजून म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

एक बारीक मुद्दा. राजेशाही 'रद्द' झाल्याची कायदेशीर तारीख शोधत असाल तर 5 ऑक्टोबरवर थांबू नका. घटना समिती 28 मे 1911 ला निवडली गेली आणि 19 जून 1911 च्या पहिल्या बैठकीत तिने राजेशाही रद्द केल्याचं मंजूर केलं. मधले आठ महिने हंगामी सरकार नुसत्या हुकूमनाम्यांवर राज्य करत होतं. मोठे कायदे सगळे त्याच काळातले.

सनदशीर

@तोफखाना, छान. फक्त माशादु सांतुशचं पुढचं राहिलं: 19 ऑक्टोबर 1921 च्या रात्री, पंतप्रधान आंतोनियू ग्रांजूबरोबर त्यालाही बंडखोरांनी मारलं. प्रजासत्ताकाचा संस्थापक प्रजासत्ताकातच गेला.

आणि नव्या घटनेतला दोष सांगायलाच हवा. 21 ऑगस्ट 1911 ची घटना लिहिणाऱ्यांना राजाच्या विसर्जनाच्या अधिकाराचा इतका धसका होता की त्यांनी अध्यक्षाला तो दिलाच नाही. अध्यक्ष संसदेने निवडलेला, चार वर्षांचा, आणि संसद अडून बसली तर त्याच्या हातात काही नाही. बहुमत फुटलं की सरकार पडे, पण नवा कौल घेता येत नसे. मग सुटकेचा मार्ग एकच उरे, लष्कर. 1919 मध्ये विसर्जनाचा अधिकार दिला, तोवर उशीर झाला होता. सोळा वर्षंही पुरी नाहीत, तेवढ्यात 45 मंत्रिमंडळं, आठ अध्यक्ष, त्यात मुदत पुरी करणारा एकटा आंतोनियू जुझे द आल्मेइदा. 28 मे 1926 ला लष्कराने सगळं संपवलं.

मतपेटी

शिवाय मताधिकार. राजेशाहीने मतं चोरली म्हणणाऱ्यांनी 1911 ला साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या 21 वर्षांवरील नागरिकांना मत दिलं. यादी साडेआठ लाखांच्या जवळ गेली. कायद्यात 'पुरुष' हा शब्द घालायचा राहिला होता. डॉ. कारोलिना बेआत्रीश आंजेलू या विधवा, म्हणजे कुटुंबप्रमुख, शिवाय साक्षर. त्या न्यायालयात गेल्या, जिंकल्या आणि 28 मे 1911 ला मत देऊन आल्या. 1913 च्या कायद्यात 'पुरुष' हा शब्द आला, कुटुंबप्रमुख गेले, आणि यादी चार लाखांच्या खाली आली. लोकसंख्या साठ लाख, त्यातले तीन चतुर्थांश निरक्षर. खेड्यातला शेतकरी पाद्रीच्या सांगण्यावरून राजाच्या बाजूने मत देईल ही भीती.

1913 च्या कायद्याचे शब्द 'पोर्तुगीज लिहिता वाचता येणारा' असे आहेत. फेरीबोट, हे शब्द गोव्याला लावून बघा. मराठी पोथी घडाघडा वाचणारा, मोडीत हिशोब लिहिणारा माणूस या व्याख्येत निरक्षरच.

नवी_काबिजाद

आता गोवा. कलमं मागितलीत म्हणून कलमांनीच.

सनद, कलम 6: रोमन कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म. इतर धर्मांना मुभा ती परदेशी लोकांना, तीही घरगुती पूजेपुरती, बाहेरून देवळाचा आकार दिसता कामा नये. आता मंगेशीचं किंवा शांतादुर्गेचं देऊळ डोळ्यांसमोर आणा. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी (पोर्तुगीजांच्या ताब्यात नंतर आलेले तालुके) अठराव्या शतकात आल्या तेव्हा तिथल्या लोकांचा धर्म आणि रूढी राखण्याची हमी दिलेली होती. म्हणजे देवळं उभी होती ती जुन्या करारांच्या आणि सवयीच्या जोरावर. सनदेच्या कलमात त्यांना जागा नव्हती. याच सनदेच्या कलम 145 मध्ये, राज्याच्या धर्माचा मान राखला तर धर्मावरून कोणाचा छळ होणार नाही, एवढं आश्वासन होतं. सहनशीलता म्हणता येईल, समानता नव्हे.

1911 ची घटना, कलम 3: जन्माचे आणि सरदारकीचे विशेषाधिकार मान्य नाहीत, श्रद्धेचं स्वातंत्र्य अभंग, सर्व पंथांची राजकीय आणि नागरी समानता राज्य मान्य करतं, सरकारी शाळांतलं शिक्षण धर्माबाबत तटस्थ. तुम्हाला हवं असलेलं वाक्य हे. तारीख 21 ऑगस्ट 1911.

पण त्याच घटनेचं कलम 67 सोडू नका: सागरापलीकडच्या प्रांतांसाठी 'तिथल्या सुधारणेच्या पातळीप्रमाणे' खास कायदे. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने मोजून घेण्याची सोय. 8 जुलै 1930 च्या वसाहत कायद्याने पुढे तेच उघडपणे केलं.

फेरीबोट

मग 1820 आणि 1834 चा गोव्यावर काहीच परिणाम नाही का? म्हणजे ही तारीख गोव्यापुरती सोडून द्यायची?

नवी_काबिजाद

उलट, डोळ्यांना दिसणारा परिणाम 1834 चाच आहे. त्या वर्षी धार्मिक संघ बरखास्त झाले, गोव्यात 1835 मध्ये मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं चर्च ओस पडलं, 1842 मध्ये त्याचं छत कोसळलं. आज तिथे जो उंच भग्न मनोरा दिसतो तो पोर्तुगालातल्या यादवीचा गोव्यातला अवशेष समजा.

राजकीय बाजूने पाहिलं तर सप्टेंबर 1821 मध्ये गोव्यात व्हाइसरॉयला पदच्युत करून मंडळाने कारभार हाती घेतला, आणि जानेवारी 1822 मध्ये कोर्तेससाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले: लिमा लैतांव, कोंश्तांसियू रोक द कोश्ता आणि नेवऱ्याचे बेर्नार्दू पेरिश द सिल्व्हा. हेच पेरिश द सिल्व्हा 14 जानेवारी 1835 ला गोव्याचे प्रमुख (प्रिफेक्ट) झाले. गोमंतकीय माणूस त्या जागेवर बसण्याची ती एकच वेळ. 1 फेब्रुवारीला लष्कराने त्यांना काढलं. त्यांचे समर्थक सैनिक मे महिन्यात गास्पार दियाशच्या किल्ल्यात मारले गेले. घटना आली म्हणून खुर्ची मिळाली, पण बंदुका पोर्तुगालहून आलेल्या अधिकाऱ्यांकडेच राहिल्या.

अवांतर, पण उपयोगी: हिंदू 1910 पूर्वी सरकारी नोकरीत नव्हतेच, असं सरसकट लिहू नका. सरकारी दुभाषे पिढ्यानपिढ्या हिंदूच असत.

आज चालू असलेल्या कायद्यांपुरतं बघायचं तर 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1 जुलै 1870 पासून लागू झाली, म्हणजे राजेशाहीत. हिंदूंच्या रूढींचा हुकूमनामा 16 डिसेंबर 1880 चा, तोही राजेशाहीतला. ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा नसल्यास पहिल्या पत्नीच्या संमतीने दुसरं लग्न, ही नेहमी चर्चेत येणारी तरतूद त्यातली. प्रजासत्ताकाने दिलं ते 3 नोव्हेंबर 1910 चा घटस्फोट कायदा आणि 25 डिसेंबर 1910 चा विवाह कायदा, ज्यात लग्न हा नागरी करार ठरला. हा दुसरा गोव्यात 26 मे 1911 पासून. गोव्यात लग्नाआधी निबंधकाकडे जाऊन पहिली सही, मग नोटीस, मग दुसरी सही करावी लागते, त्या पद्धतीचं मूळ तिथे.

यातून नेहमी होणारी चूक: लिस्बनची तारीख गोव्याची समजणं. कायदा आधी लिस्बनच्या राजपत्रात छापला जाई. गोव्यात तो लागू व्हायला इथल्या सरकारी 'बोलेतीं'त (गोव्याच्या राजपत्रात) छापावा लागे. बोलेतीं डिसेंबर 1837 पासून निघत होतं. त्यामुळे कुठल्याही हुकुमाच्या दोन तारखा टिपा, आणि खटला किंवा दस्तऐवज दोन्हींच्या मधला असेल तर जुनाच कायदा धरा. पणजीच्या पुराभिलेखागारात बोलेतीं मागताना वर्ष आणि अंक क्रमांक द्या. नुसता विषय सांगून चालत नाही, कारण सूची पोर्तुगीजमध्ये आहे आणि 1911 च्या शब्दलेखन सुधारणेच्या आधी आणि नंतर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो.